घरातील सोहळे आणि लेकरांची श्रद्धा



येत्या २ फेब्रुवारीला आपण प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करीत आहोत. नाताळपासून मोजले तर हा चाळिसावा दिवस. त्या दिवशी मिस्साच्या आरंभी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि त्या हातात घेऊन आपण मिरवणुकीने चर्चमध्ये जातो. लहान मुलांना हा सण विशेष आवडतो, कारण पेटलेली मेणबत्ती स्वतःच्या हातात धरायला मिळते. मोठ्यांचे लक्ष मात्र बहुधा कपड्यांवर मेण सांडू नये याकडे असते!

त्या दिवशीचे शुभवर्तमान (लूक २:२२-४०) आपण घरी एकदा सावकाश वाचावे. एक तरुण जोडपे चाळीस दिवसांचे बाळ घेऊन यरुशलेमच्या मंदिरात येते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या कुटुंबातील हा पहिला मोठा कार्यक्रम. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बाळंतिणीने एक कोकरू आणि एक पारवा किंवा होला अर्पण करायचा असे. ज्या घरची ऐपत नसेल त्यांना सवलत होती : कोकराऐवजी आणखी एक पक्षी चालेल (लेवीय १२:८). लूकने कोकराचे नावसुद्धा घेतलेले नाही. होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्ले, एवढेच तो सांगतो. म्हणजे जगाच्या तारणाऱ्याच्या घरचा पहिला सोहळा गरिबांच्या दराने झाला. मंदिरात चार लोक बघत असतील, म्हणून योसेफाने उसनवारी करून कोकरू आणले नाही.

आणि पाहुणे कोण? एक वृद्ध शिमोन आणि एक वयोवृद्ध विधवा हन्ना. दोघेही आगंतुक. त्यांना कोणी पत्रिका दिली नव्हती. पण त्या दोघांनी त्या बाळाला जसे ओळखले, तसे त्या दिवशी मंदिरातील गर्दीत दुसऱ्या कोणी ओळखल्याचे लूक सांगत नाही.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे की, नाताळनंतर आपल्या धर्मग्रामात कार्यक्रमांचे दिवस सुरू होतात. लग्ने, बाप्तिस्मे, लग्नाचे रौप्यमहोत्सव, नव्या घराचे आशीर्वाद आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी. आम्हा धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना या सगळ्यांत आपल्याबरोबर सहभागी होण्याची संधी मिळते आणि त्याचा आनंदही वाटतो. घरात पाळणा हलतो, तेव्हा आनंद करायचा नाही तर कधी करायचा? अब्राहामाने इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी मोठी मेजवानी दिली, असे पवित्र शास्त्रच सांगते (उत्पत्ती २१:८). तेव्हा मांडव नको, जेवण नको, असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. जेवणाला आम्हीही येतो!

परंतु काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बाप्तिस्म्याची. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत (कलम ८६७) पालकांवर अशी जबाबदारी टाकली आहे की, बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा मिळावा. आठवडे, महिने नव्हे. आता काय घडते? बाळ सात-आठ महिन्यांचे होते, कधी वर्षाचे होते, आणि मग पहिला वाढदिवस व बाप्तिस्मा एकाच हॉलमध्ये, एकाच जेवणात उरकले जातात. उशीर का झाला म्हणून विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. काकांना आखातातून रजा मिळत नव्हती. मावशी कॅनडाहून येणार होती. हॉलची तारीख मिळाली नाही. बाप्तिस्मा पुढे ढकलण्याची काही योग्य कारणे ख्रिस्तसभा मान्य करते. मुलाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवले जाईल अशी आशाच दिसत नसेल, तर थांबावे असे तीच कायदेसंहिता सांगते. हॉल मिळत नाही हे कारण मात्र त्यात नाही.

यावर एक साधा मार्ग आहे आणि काही कुटुंबांनी तो स्वीकारलाही आहे. बाप्तिस्मा वेळेवर करावा, घरच्या माणसांत. जेवण काकांची रजा मंजूर झाली की ठेवावे. काका वाट बघतील, पाहुणेही वाट बघतील. बाळाने कृपेसाठी केटररच्या तारखेची वाट का बघावी?

दुसरी गोष्ट कर्जाची. शेजारच्या मुलीच्या प्रथम ख्रिस्तशरीराला बँड होता, स्टेज होते, ड्रोनवाला फोटोग्राफर होता. मग आपल्या मुलीला कमी का? या एका प्रश्नापायी रिक्षा चालवणारा बाप पतपेढीत जातो. मूल ख्रिस्तशरीर स्वीकारते आणि आईबाप हप्ते स्वीकारतात. ज्याच्याकडे आहे त्याने खर्च केला तर आमची तक्रार नाही. शमुवेलाला घेऊन हन्ना शिलो येथे गेली तेव्हा तिने गोऱ्हा, पीठ आणि द्राक्षारसाचा बुधला नेला होता. त्या घरची तेवढी ऐपत होती. मरियामातेने दोन पक्षी नेले. देवाने दोघींचेही अर्पण स्वीकारले. पण हन्नाचा गोऱ्हा पाहून मरियेने कर्ज काढावे, असे शास्त्रात कोठेही नाही. आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनीही एकदा विचार करावा की, आपला मांडव जितका उंच जातो, तितकी शेजारच्या बापाची मान खाली जाते का?

मद्याबद्दल आम्ही लांबण लावणार नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी त्याचे मामा आणि काका धड उभे राहू शकत नसतील, तर त्या मुलाने त्या दिवसाची कोणती आठवण जपायची?

आता मुख्य विषयाकडे येऊ.

इस्राएली लोक मिसर देशातून बाहेर पडण्याआधी देवाने त्यांना वल्हांडणाचा सण लावून दिला. कोकरू कसे निवडायचे, कसे भाजायचे, कसे खायचे, सर्व सांगितले. आणि त्यातच एक लहानसा नियम घातला : तुमची मुले तुम्हांला विचारतील की या सेवेचा अर्थ काय, तेव्हा तुम्ही त्यांना उत्तर द्या (निर्गम १२:२६-२७). हे वचन आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. देवाने गृहीतच धरले आहे की मूल विचारणार. वेगळे जेवण, वेगळे कपडे, घाईगडबड पाहिली की मूल प्रश्न विचारतेच. सण हा प्रश्नासाठीच आहे. आणि उत्तर द्यायचे आहे घरातल्या माणसांनी, जेवणाच्या पंगतीतच. याजकाकडे पाठवून द्या, असे तेथे म्हटलेले नाही.

आपल्या घरी आज हा प्रश्न येतो तेव्हा काय होते? धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाच वर्षांची ताई विचारते, ''पप्पा, बाळाच्या डोक्यावर पाणी का ओतलं?'' पप्पांच्या कानाला मोबाईल असतो. बिर्याणीचे पातेले अजून आलेले नसते. ''जा, मम्मीला विचार.'' मम्मी साडी नेसत असते. ''रविवारी सिस्टरना विचार हं.'' रविवार येईपर्यंत प्रश्न विझून गेलेला असतो. मुलांचे प्रश्न ताज्या मासळीसारखे असतात, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत.

पूर्वीच्या बाप्तिस्माविधीत प्रश्न जणू बाळालाच विचारले जात आणि धर्मपिता-धर्ममाता त्याच्या वतीने उत्तरे देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, बालकांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी आला. त्यात ख्रिस्तसभेने जाणीवपूर्वक बदल केला. आता विधीच्या सुरुवातीलाच धर्मगुरू आईवडिलांकडे वळतो, मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी आपण घेत आहात याची जाणीव आहे का, असे विचारतो आणि आईवडील 'होय' म्हणतात. मग धर्मगुरू, आणि त्याच्यामागून आईवडील व धर्मपालक, बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवली जाते आणि ती जळती ठेवण्याचे काम पालकांवर सोपवले जाते. शेवटी आईला आणि वडिलांना वेगवेगळा आशीर्वाद मिळतो. म्हणजे त्या दिवशी बाळाला बाप्तिस्मा मिळतो आणि आईवडिलांची नेमणूक होते. रविवारची धर्मशिक्षणाची शाळा या नेमणुकीला मदत करते, त्यांची जागा घेत नाही. आठवड्यातील एक तास आमचा आहे, बाकीचे सगळे तास आपले आहेत.

''पण फादर, आम्हांलाच काही येत नाही, मुलांना काय शिकवणार?'' असे अनेक पालक प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांच्यासाठी नुकतेच संतपद मिळालेल्या एका मुलाची गोष्ट. कार्लो अकुतिस १९९१ मध्ये लंडनमध्ये जन्मला आणि इटलीतील मिलान शहरात वाढला. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने त्याचे निधन झाले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याची आई त्या काळी क्वचितच चर्चला जात असे, हे तिने स्वतः उघडपणे सांगितले आहे. लहान कार्लो रस्त्यात चर्च दिसले की आत जायचे म्हणे, आणि प्रश्न विचारी. आईला उत्तरे येत नव्हती. तिने काय केले? मुलाला गप्प बसवले नाही. ती स्वतः शिकायला लागली. येत नाही हे पालकांसाठी लाजेचे कारण नाही. 'चल, आपण दोघे मिळून शोधू' हेसुद्धा उत्तरच आहे आणि मुलांना ते आवडते.

प्रथम ख्रिस्तशरीराविषयी थोडे अधिक. आज मुले प्राथमिक शाळेत असतानाच हा संस्कार घेतात, म्हणून आपल्याला वाटते की हे पूर्वापार असेच चालत आले आहे. तसे नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अनेक देशांत मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत, कोठे त्याहूनही अधिक, थांबावे लागे. लिझ्यूच्या संत तेरेझाला ८ मे १८८४ रोजी प्रथम ख्रिस्तशरीर मिळाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. चार वर्षांची असताना तिची आई वारली होती. मग तिची तयारी कोणी केली? थोरल्या बहिणींनी. मठात गेलेल्या पोलीनने तिच्यासाठी एक छोटी वही तयार करून पाठवली. दररोजच्या लहानसहान त्यागांसाठी आणि छोट्या प्रार्थनांसाठी. दुसरी बहीण मारी संध्याकाळी तिला जवळ घेऊन समजावून सांगे. तेरेझाच्या आठवणींत त्या दिवसाच्या जेवणापेक्षा या वहीला आणि या संध्याकाळींना अधिक जागा आहे. तिचे आईवडील लुई आणि झेली यांनाही १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्रितपणे संतपद देण्यात आले. आई गेली तरी घराने सांभाळले. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जेथे आई किंवा वडील नाहीत आणि आत्या, मोठी ताई, आजोबा मुलाला प्रार्थना शिकवतात. त्यांनी हे वाचून धीर धरावा.

पुढे ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांनी 'क्वाम सिंग्युलारी' या आदेशाने सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांना ख्रिस्तशरीराचे दार उघडले. अट फार मोठी नव्हती. मुलाने आपल्या वयाप्रमाणे श्रद्धेची मूळ सत्ये जाणावीत आणि ही भाकर साधी भाकर नव्हे, हे त्याला कळावे. पण त्या आदेशातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मूल तयार आहे की नाही हे ठरवण्याचे काम दोघांवर सोपवले होते : मुलाचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू आणि मुलाचा बाप, किंवा बापाच्या जागी जो असेल तो. म्हणजे बापाला आपल्या मुलाचे मन एवढे माहीत असावे, अशी पोपमहाशयांची अपेक्षा होती. आज पालकसभेला बघावे तर सगळ्या आया. वडील बाहेर गेटजवळ मोटारसायकलवर बसलेले! वडीलहो, आत या. खुर्च्या आहेत.

प्रथम ख्रिस्तशरीराच्या रविवारी पुढचे बाक पांढऱ्या कपड्यांनी भरतात. त्यानंतरच्या महिन्यांत आम्ही त्याच बाकांकडे पाहतो आणि एकेक मूल कमी होत जाते. ट्यूशन, क्रिकेट, पाऊस, पाहुणे. मुले स्वतःहून येणे बंद करीत नाहीत, त्यांना कोणी आणत नाही म्हणून ती येत नाहीत. एखादे लेकरू विचारते, ''मम्मी, आज मिस्साला जायचं नाही?'' आणि उत्तर मिळते, ''तुझं कम्युनियन झालं ना आता!'' या एका वाक्याने दोन वर्षांचे धर्मशिक्षण पुसले जाते. मुलाला समजते की तो झगा आणि तो केक हाच शेवट होता.

येथे आपण पुन्हा हन्नाकडे जाऊ, कारण तिच्याविषयीची एक ओळ आम्हांला या संपूर्ण विषयाचे मर्म वाटते. शमुवेलाला तिने परमेश्वराच्या मंदिरात एली याजकाकडे ठेवले. नवस फेडला. कार्यक्रम संपला. पण पुढे शास्त्रात म्हटले आहे की, ती दरवर्षी नवऱ्याबरोबर यज्ञाला जाई तेव्हा मुलासाठी एक लहानसा झगा शिवून नेई (१ शमुवेल २:१९). दरवर्षी! कारण मूल वाढते. गेल्या वर्षीचा झगा यंदा आखूड होतो. तो शिवण्यासाठी हन्ना वर्षभर मनाशी माप धरत असेल : आता एवढा उंच झाला असेल, खांदे एवढे रुंदावले असतील. लांब राहूनही ती मुलाच्या वाढीचा हिशेब ठेवत होती.

श्रद्धेचे कपडेही असेच दरवर्षी नवे शिवावे लागतात. तीन वर्षांच्या मुलाला क्रुसाची खूण पुरते. आईच्या हाताने कपाळावर केलेली, झोपण्याआधी. पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते. दावीद आणि गल्याथ, हरवलेले मेंढरू, नावेतील वादळ. ती शंभरदा सांगावी लागते आणि एक शब्द बदलला तर ते मूल आपली चूक काढते. आठव्या-नवव्या वर्षी मूल न्यायाचे होते : ''त्याने मला मारलं, मग मी का क्षमा करायची?'' येथे गोष्ट पुरत नाही. येथे मुलाने आईवडिलांना एकमेकांची क्षमा मागताना पाहिलेले असावे लागते. आणि बाराव्या-तेराव्या वर्षी प्रश्न येतो तो असा : ''आजी एवढी प्रार्थना करायची, तरी देवाने तिला का नेलं?'' त्या वेळी पाच वर्षांच्या मुलाचे उत्तर त्याच्यापुढे ठेवले, तर ते तो झगा काढून फेकणारच. तो नास्तिक झालेला नसतो, त्याला कपडे लहान झालेले असतात. पुष्कळ आईबाप आमच्याकडे येऊन म्हणतात, मुलगा चर्चला यायचे नाही म्हणतो. त्याच्या अंगावर शेवटचा झगा कोणत्या वर्षी शिवला होता, हे आधी आठवून पाहावे.

त्याच अध्यायात एक कटू गोष्टही आहे आणि ती आम्हा वेदीजवळच्या लोकांनी विशेष ऐकावी. एली याजकाचे स्वतःचे दोन मुलगे मंदिरातच वाढले, तेथेच सेवा करीत आणि अर्पणातला वाटा दांडगाईने उचलत. परमेश्वराची त्यांना ओळख नव्हती, असे शास्त्र म्हणते. म्हणजे चर्चच्या सावलीत वाढणे पुरेसे नाही. मूल वेदीसेवक आहे, गायनमंडळात आहे, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाले होते, हे सर्व छान. तरी त्याच्या मनात देवाशी बोलणे चालू आहे का, हे कोणीतरी जवळ बसून पाहायला हवे. शमुवेलाला रात्री देवाने हाक मारली तेव्हा त्या मुलाला हाक ओळखता आली नाही. तो तीनदा धावत एलीकडे गेला. 'ही देवाची हाक आहे' हे सांगायला एक वडीलधारे माणूस लागले. दृष्टी मंदावलेले, स्वतःच्या मुलांच्या बाबतीत हरलेले, तरी तेवढे सांगण्यापुरते जागे असलेले.

वाढदिवसांविषयी एक गमतीची बाब. बायबलमध्ये वाढदिवसाच्या मेजवानीचे दोन ठळक प्रसंग आहेत : एक मिसरच्या फारो राजाचा (उत्पत्ती ४०) आणि दुसरा हेरोदाचा (मार्क ६). पहिल्यात आचाऱ्याला फाशी झाली आणि दुसऱ्यात बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे शीर गेले. तेवढ्यावरून कोणी वाढदिवस बंद करू नयेत! त्यापेक्षा ईयोबाकडे पाहावे. त्याचे मुलगे पाळीपाळीने आपापल्या घरी मेजवानी करीत आणि बहिणींना बोलावीत. मेजवान्यांची पाळी संपली की ईयोब पहाटे उठून प्रत्येक मुलासाठी वेगळे अर्पण करी (ईयोब १:४-५). मेजवानीत तो विघ्न आणत नव्हता, व्याख्यान देत नव्हता. पाहुणे गेल्यावर, भांडी घासायची असताना, हा बाप एकेका मुलाचे नाव देवापुढे घेत होता. वाढदिवसाच्या सकाळी मुलाला घेऊन मिस्साला येणे आपल्या धर्मग्रामात अजून काही घरांत चालू आहे. ते टिकावे. सकाळी मिस्सा जमत नसेल तर केक कापण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभे राहून त्या मुलासाठी प्रार्थना करावी. मुलाच्या मित्रांत इतर धर्मांची मुले असतात म्हणून संकोचू नये. त्यांच्या घरी ओवाळणी होते, तेव्हा आपली मुले आदराने उभी असतातच.

आणि ज्या घरांत या दिवसांत उत्सव नाही, त्यांचे काय? लग्नाला दहा वर्षे झाली तरी पाळणा हललेला नाही. कोणाचे लेकरू जन्मताच गेले. कोणाचे मूल विशेष आहे आणि 'त्याला काय कळणार' म्हणून नातेवाइकांनीच त्याच्या प्रथम ख्रिस्तशरीराचा विषय बाजूला ठेवला आहे. अशा पालकांनी आम्हांला जरूर भेटावे. मुलाला वेदीजवळ कसे आणायचे ते आपण एकत्र बसून ठरवू. मंदिरातील त्या आनंदाच्या दिवशीच शिमोनाने मरियेला तलवारीविषयी सांगितले होते. बाळ मांडीवर आणि दुःखाची खबर कानावर. तेव्हा दुसऱ्याच्या घरचा बँड ऐकून ज्यांच्या पोटात कालवते, त्यांच्या बाजूला मरियामाता उभी आहे. पत्रिका वाटताना आपण सर्वांनी या घरांची आठवण ठेवावी. पत्रिका जरूर द्यावी, पण दारातून नव्हे, बसून.

मृत्यूचा दिवसही कुटुंबाचाच दिवस आहे. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला मुलांना 'शाळा बुडेल' म्हणून घरी ठेवू नये. कबरीवर मेणबत्ती लावताना मूल जे विचारते, ते वर्गात कधीच विचारत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी ८ जानेवारी २०१४ रोजी आपल्या साप्ताहिक भेटीत लोकांना विचारले होते की, आपल्या बाप्तिस्म्याची तारीख कोणाकोणाला माहीत आहे? फार थोडे हात वर झाले. मग त्यांनी सर्वांना गृहपाठ दिला : घरी जाऊन तारीख शोधा. नंतरच्या वर्षांतही ते हा गृहपाठ पुन्हा पुन्हा देत राहिले. आपल्यापैकी किती जणांना तारीख सांगता येईल? जन्मतारीख आधार कार्डावर आहे, बाप्तिस्म्याची तारीख धर्मग्रामाच्या नोंदवहीत आहे.

म्हणून या सणानिमित्त आम्ही एक साधी गोष्ट सुचवीत आहोत. घरोघरी कपाटात, फोटोंच्या अल्बमजवळ, पांढऱ्या कागदात गुंडाळलेली बाप्तिस्म्याची मेणबत्ती असते. ती शोधून काढावी आणि २ फेब्रुवारीच्या मिस्साला मुलांच्या हाती देऊन आणावी. नव्या मेणबत्त्यांबरोबर त्याही पेटवू. पुढे प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याच्या तारखेला रात्रीच्या जेवणाआधी ती पाच मिनिटे लावावी, आणि त्या दिवशी कोण कोण आले होते, नाव कसे ठेवले, बाळ पाणी पडल्यावर रडले की हसले, हे आईवडिलांनी किंवा आजीने सांगावे. धर्मपिता-धर्ममाता जवळ राहत असतील तर त्यांनाही बोलवावे. त्यांची आठवण फक्त नाताळच्या भेटवस्तूपुरती नसावी.

ज्यांना तारीख माहीत नाही, त्यांनी आईवडिलांची नावे आणि जन्मतारीख लिहून धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी; नोंदवही पाहून तारीख सांगितली जाईल. दुसऱ्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला असल्यास तेथे चौकशी कशी करायची हे कार्यालयात समजेल. ज्यांची मेणबत्ती हरवली असेल त्यांनी घरातील कोणतीही साधी मेणबत्ती आणावी. लहान मुलांच्या मेणबत्तीखाली पुठ्ठ्याची चकती लावावी, हात भाजत नाही.